टाकी हलवायची की जाळी बसवायची? सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सेक्रेटरी, ए-३०१: सभासदांनो, रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेचा विषय पुन्हा टाकतो. वास्तुतज्ज्ञ पाहणी करून गेले. जमिनीखालची टाकी आग्नेयेला आहे, हा मोठा दोष. बी विंगमध्ये पावसाळ्यापासून जे आजारपण चालू आहे त्याचं मूळ तेच, असं त्यांचं म्हणणं आहे. ही टाकी बुजवून ईशान्येला नवी बांधायची. खर्च सिंकिंग फंडातून.

बी-५०४: साहेब, माझा विरोध आहे, लेखीही देते. मी नास्तिक आहे हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. कोणी घरात देव्हारा कुठे मांडावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण टाकी आपल्या सगळ्यांची आहे आणि फंडही. तिथे कारण असं हवं, जे मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला दोघांनाही तपासून बघता येईल.

सी-२०३: करून बघायला काय हरकत आहे ताई? झाला तर फायदाच.

बी-५०४: हरकत पैशाची आहेच, पण त्याहून जास्त डेंग्यूची आहे. काल संध्याकाळी वॉचमनला घेऊन टाकीपाशी गेले होते. झाकणाचा एक कोपरा तुटलाय, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळीच नाही. टॉर्च मारला तर पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या. फोटो आणि व्हिडिओ वर टाकलेत, कृपया बघा. डेंग्यूचा एडीस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तो फार लांब उडत नाही, आणि टाकी बी विंगच्या जिन्याला लागून आहे. ज्यांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले ती सगळी घरं याच जिन्यावरची आहेत. हीच टाकी जाळीशिवाय ईशान्येला नेली तर डास तिथेही होतील.

बी-२०२: माझ्या मुलीचे प्लेटलेट्स खाली गेले तेव्हा आम्ही पार घाबरलो होतो. म्हणून वास्तुतज्ज्ञांना हो म्हणालो. त्यांनी तर मागच्या वर्षी सासरे गेले तेही टाकीशीच जोडलं. तेव्हापासून घरात कोणाला धड झोप नाही.

बी-५०४: वहिनी, तुमची भीती खरी आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण ज्या घरात नुकताच माणूस गेलाय त्या घराच्या डोक्यावर दोषाचं ओझं ठेवून जायचं, याचाच मला राग येतो. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

ए-१०२: ही सगळी अंनिसवाल्यांची, अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाल्यांची भाषा. फक्त हिंदूंच्या गोष्टींवर बोट ठेवायचं. पहाटेच्या भोंग्यावर बोला की! आणि तुमचा धर्म तरी कोणता?

बी-५०४: काका, भोंग्यावरही बोलते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. कुर्ल्यातल्या आपल्यासारख्याच सोसायट्या कोर्टात गेल्या, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तुम्ही अर्ज लिहा, पहिली सही माझी. गणपतीत दहानंतर चालणाऱ्या डीजेविरुद्धच्या अर्जावरही माझी सही असेल.

धर्म विचारलात, तर कुठलाच नाही. आपला कुठलाही धर्म नाही असं सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे, हेही मुंबई उच्च न्यायालयानेच सप्टेंबर २०१४ मध्ये मान्य केलं. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, त्यातच ते येतं. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे १९७६ पासून घटनेत नागरिकांचं मूलभूत कर्तव्य आहे. त्यात आस्तिक-नास्तिक असा भेद नाही.

आणि अंनिस ही शिवी नव्हे. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. त्यांच्या समितीचा विरोध शोषणाला आणि फसवणुकीला होता, देव मानणाऱ्यांना त्यांनी कायम सोबत घेतलं. डॉ. श्रीराम लागू त्याच व्यासपीठावरून देव नाही असं उघड म्हणायचे. मी लागूंच्या बाजूची. पण टाकीचा प्रश्न सोडवायला तो वाद आधी मिटावा लागत नाही.

ए-४०१ (आजी): नातवाकडून टाइप करून घेतेय. माझी वारी अजून चुकलेली नाही. टाकी कुठल्या कोपऱ्यात आहे हे पांडुरंगाने मला कधी विचारलं नाही. आधी जाळी बसवा. पण पोरी, तू देवच नाही म्हणतेस ते मला मुळीच पटत नाही. घरी ये, बोलू.

बी-५०४: येते आजी, नक्की येते.

ए-१०२: वास्तुशास्त्र जादूटोण्याच्या कायद्यात येत नाही. कायद्याचा धाक दाखवू नका. बहुमत आमचं आहे.

बी-५०४: येत नाही, बरोबर आहे, आणि तसा दावाही मी केलेला नाही. माझा मुद्दा सोसायटीच्या उपविधींचा, म्हणजे नियमावलीचा आहे. सिंकिंग फंड इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. टाकीला तडा आहे, गळती आहे, असं आर्किटेक्टने लिहून दिलं तर मी हात वर करून ठरावाला पाठिंबा देईन. बहुमताने खर्च मंजूर होईल, पण डास कशाने होतात हे बहुमताने ठरत नाही. बहुमताला इच्छाच असेल तर वास्तुशांतीसाठी स्वेच्छेने वर्गणी काढा. मी देणार नाही आणि आडही येणार नाही.

सेक्रेटरी, ए-३०१: व्हिडिओ बघितला. उद्या प्लंबर आणि टाकी धुणारे येतील, सकाळी ९ ते १ पाणी बंद राहील, भरून ठेवा. ठराव मात्र रविवारी मतदानाला येईल, कमिटीने तसं ठरवलंय.

बी-५०४: येऊ द्या. मी विरोधात मत देईन. माझं म्हणणं इतिवृत्तात जसंच्या तसं घ्या. आणि उद्या प्लंबर आहेच तर गच्चीवरच्या टाक्यांच्या ओव्हरफ्लोलाही जाळी लावून घ्या, झाकणंही मापाची मागवा. भरून ठेवलेलं पाणी सगळ्यांनी झाकून ठेवा.