प्लेटलेट्सचा संवाद: पोस्टडॉकसाठी कोणता प्रश्न घ्यावा?

प्रश्न:
माझी पीएच.डी. पेशीजीवशास्त्रात झाली असून पुढे प्लेटलेट्स (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या रक्तातील सूक्ष्म पेशी) एकमेकींना संकेत कसे देतात यावर काम करण्याचा विचार आहे. जखमेवर चिकटलेली प्लेटलेट एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन ही संकेत देणारी रसायने सोडते, त्यामुळे शेजारची सक्रिय होते आणि तीही तेच करते, हे समजले. मग ही साखळी रक्तवाहिनी पूर्ण बंद होईपर्यंत का चालत नाही? शिवाय हे दोन्ही मार्ग रोखणारी क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे असताना मूलभूत असे काही उरले आहे का?

प्रतिसाद १:
आपला पहिला प्रश्नच संशोधनाला पुरेसा आहे. उंदरांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली वाढताना पाहिल्या, तेव्हा जखमेलगतचा गाभा घट्ट आणि थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे) पूर्ण सक्रिय झालेला, तर त्यावरचे कवच सैल, अर्धवट सक्रिय आणि मुख्यतः एडीपीवर टिकून असलेले आढळले. गाभ्यातल्या अरुंद फटींत थ्रॉम्बिन अडकून राहते. कवचातले एडीपी मात्र वाहत्या रक्ताबरोबर निघून जाते. त्यातच रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूच्या निरोगी अस्तरपेशी प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून प्लेटलेट्सना शांत ठेवतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी३९ हे विकर एडीपीचे विघटन करते. म्हणजे संकेत कुठवर पोहोचेल हे केवळ रेणू ठरवत नाही, तर रक्ताचा वेग आणि पेशींमधली जागाही ठरवते. माझ्या मते नव्या संशोधकाने इथेच लक्ष द्यावे.

प्रतिसाद २:
औषधे आहेत म्हणून प्रश्न सुटला, असे मुळीच नाही. प्लेटलेटला पेशीकेंद्र नसते. त्यामुळे थ्रॉम्बॉक्सेन बनवण्यासाठी लागणारे, अ‍ॅस्पिरिनने निकामी केलेले विकर ती पुरेसे नव्याने बनवू शकत नाही आणि परिणाम तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. यातूनच रक्तस्रावाचा धोका येतो. फायब्रिनोजन हे प्लेटलेट्सना एकमेकींशी जोडणारे रक्तातील प्रथिन पकडणारे इंटिग्रिन (प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन) दोन्ही दिशांनी संकेत वाहते: आतून आदेश आला की ते उघडते, आणि फायब्रिनोजन जोडले गेले की पेशीला पसरण्याचा व गुठळी आक्रसण्याचा निरोप आत पाठवते. ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया या आनुवंशिक आजारात हेच इंटिग्रिन नसते किंवा काम करत नाही, आणि रुग्णाचा रक्तस्राव सहजी थांबत नाही. फायब्रिनोजनची जोडणी अबाधित ठेवून केवळ आत जाणारा निरोप अडवता येईल का, हा मला अत्यंत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

प्रतिसाद ३:
प्रयोगशाळा निवडताना तिथे प्रवाहकक्ष (रक्त वाहते ठेवून प्लेटलेट्स पाहण्याचे उपकरण) आहे का, हे अवश्य विचारावे. अ‍ॅग्रिगोमीटरमध्ये (प्लेटलेट्स किती एकत्र चिकटतात हे मोजणाऱ्या यंत्रात) ढवळलेल्या प्लेटलेट्स उपयुक्त माहिती देतात, पण धमनीतला प्रवाह तिथे नसतो. प्लेटलेट्स रक्तद्रवातून वेगळ्या करून धुताना त्या सहज सक्रिय होतात, म्हणून प्रोस्टासायक्लिन किंवा अपायरेज (एडीपीचे विघटन करणारे विकर) वापरतात. रक्तदात्याने अलीकडे अ‍ॅस्पिरिन घेतली होती का, हेही आधी विचारावे.