मदत हवी आहे: सागवानी माळ्याला आगीपासून वाचवणारं कोटिंग

राम राम मंडळी, आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, आजोबाच्या काळचं, वर कवेलू अन् आत सागवानी फळ्यांचा माळा. भाव मिळेपर्यंत कापूस घरातच रायते, पार माळ्याला टेकते. परवा बोर्डात स्पार्किंग झालं अन् वरच्या फळीला हातभर काळा डाग पडला, बोट लावलं तर कोळसा हाताला आला. आई तेव्हापासून रात्री तीनदा उठून पाहते.

वायरिंग तर बदलूनच रायलो. पण फळ्यांले काय लावू? इंट्युमेसंट पेंट म्हणून असते, तापला की फुगून फेसासारखा थर होते अन् लाकूड उशिरा पेटते, तो जुन्या वार्निशवर चालते का पूर्ण घासाच लागते? सागाचा रंग दिसला पाहिजे, म्हणून क्लिअरवालाच पाहिजे. दुसरं, टाकणखार (बोरॅक्स) अन् बोरिक ॲसिडचं पाणी मारतात, पण तो क्षार पाण्यानं धुतल्या जाते अन् आमचे कवेलू पावसाळ्यात दोन-तीन जागी गळतातच, मंग त्याच्यावर वरून पाणी अडवणारा सीलर मारता येते का?

कोणी स्वतः केलं असन तं सांगा न भाऊ, किती हात मारले, डब्यावर काय पाहून घेतलं. दिवाळीनंतर कापूस घरात येते, त्याच्या आधी करा लागते.