आधी खिडक्या मोजा

नवा डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा, येतोय अशी चर्चा आहे. म्हणतात की तो फुलफ्रेम (35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) असेल आणि किंमत आवाक्यात राहील. पहिलं मला पटतं, दुसरं नाही.

सेन्सर विकत मिळतो हो, खरा खर्च फोकसच्या यंत्रणेचा. लेन्स पुढेमागे झाली की ती हालचाल बारीक तरफेवरून आत पोचते आणि दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात. हे जुळवणं कौशल्याचं काम. त्यात लायका कंपनीच्या एम माउंट या लेन्स-जोडणीत लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत अंतर फक्त 27.8 मिमी, वाइड लेन्सचा प्रकाश कडांवर तिरका पडतो. फिल्मला ते चालायचं, सेन्सरला जड जातं. म्हणूनच 2004 च्या एप्सन आर-डी1 या डिजिटल रेंजफाइंडरचा सेन्सर लहान, 6 मेगापिक्सेलचा होता. लायकाच्या एम8 मध्ये (2006) काळं कापड जांभळट दिसे, त्यासाठी वेगळे फिल्टर द्यावे लागले. फुलफ्रेम आला तो एम9 मध्ये, 2009 ला.

तेव्हा नव्या कॅमेऱ्याचा फोटो फुटला की आधी पुढच्या खिडक्या बघा. व्ह्यूफाइंडरच्या खिडकीपासून दूर दुसरी छोटी खिडकी नसेल, तर तो बहुधा फक्त रेंजफाइंडरच्या घाटाचा कॅमेरा. फुजीचे एक्स-प्रो तसेच, चांगले, पण रेंजफाइंडर नव्हेत.

मला मात्र खरा रेंजफाइंडर हवाच आहे. दिवाळी पहाटेला ठाण्यात राम मारुती रोडवरच्या गर्दीत काकांचा याशिका इलेक्ट्रो 35 हा जुना फिल्म रेंजफाइंडर घेऊन फिरतो. चौकटीबाहेरून आत येणारा माणूस आधीच दिसतो, शटरचा आवाज कुणाच्या कानावरही जात नाही. खाडीवरच्या लांबच्या फ्लेमिंगोंसाठी तो निरुपयोगी, हेही खरं.