वीज गेली की सोलरही बंद: बॅटरी कशी निवडावी?

कंदील:
छतावर ५४० वॅटची ६ पॅनेल आणि ३ किलोवॅटचा ऑन-ग्रिड (बाहेरच्या वीजपुरवठ्याला म्हणजे ग्रिडला जोडलेला, बॅटरीविना) इन्व्हर्टर आहे. वीज गेली की भर उन्हातही सगळं ठप्प. एका वेळी साधारण ६ तास वीज नसते. तेवढा वेळ फ्रिज, ७० वॅटचे ३ पंखे, ९ वॅटचे ६ दिवे आणि राउटर चालायला हवा, जमलं तर १ एचपीचा पंपही. साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-तास) २ लेड-ॲसिड बॅटऱ्यांत भागेल का?

वॅटतास:
नाही भागणार. हिशोब करा. पंखे १२६० वॅटतास, दिवे ३२४, राउटर ७२. फ्रिज दिवसाला १.२ युनिट (१ युनिट म्हणजे १००० वॅटतास) खात असेल तर ६ तासांचे ३००. झाले १९५६. इन्व्हर्टरमधली १० टक्के घट धरली की २१७० च्या वर. शिवाय मोठा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला ५० वॅटच्या आसपास घेतो, त्याचे आणखी ३००. म्हणजे जवळपास २.५ युनिट.

१२ व्होल्ट १५० एएचच्या २ बॅटऱ्यांत ३.६ युनिट दिसतात, पण लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. हाती उरतात १.८. अशा ४ लागतील. लिथियम फॉस्फेटची ५१.२ व्होल्ट १०० एएचची एकच बॅटरी ५.१२ युनिटची असते आणि त्यातले ९० टक्के वापरता येतात. मी तीच घेईन. ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावलेत तर ७२० वॅटतास तिथेच वाचतात; बॅटरी वाढवण्याआधी हे करा.

वीज जाताच ऑन-ग्रिड बंद पडतो तो मुद्दामच. नाहीतर बाहेरच्या तारांवर काम करणाऱ्याला तुमच्या छतावरून झटका बसेल. तुम्हाला हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा आणि वीज गेली की बाहेरच्या तारांपासून घर तोडून चालणारा.

कंदील:
जुना इन्व्हर्टर ठेवून पुढे साधा जोडला तर? तो ग्रिड असल्यासारखं भासवेल ना?

उलटापालट:
हे अजिबात करू नका. दुपारी लोड कमी असला की उरलेली वीज साध्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटी आत शिरते आणि तो जळतो. एसी कपलिंगला (म्हणजे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपल्या आउटपुटला जोडून घ्यायला) पाठिंबा असलेलाच बॅटरी इन्व्हर्टर हवा. बॅटरी भरत आली की तो फ्रिक्वेन्सी वाढवतो आणि ते ओळखून ऑन-ग्रिड आपलं उत्पादन कमी करतो. त्याची क्षमताही जुन्या ३ किलोवॅटपेक्षा कमी नसावी.

हायब्रिड घेतलात तर पॅनेलचं व्होल्टेज तपासा. ओपन सर्किटला (काहीही लोड नसताना) प्रत्येकी ४९.५ व्होल्ट असेल तर सहाच्या मालिकेचे २९७ होतात, आणि थंडीत ते आणखी चढतं: ० अंशाला सुमारे ३१७. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा याच्या वर हवी.

वॅटतास:
पंपाचं राहिलं. १ एचपीची मोटर चालताना हजारेक वॅट घेते, पण सुरू होताना तिच्या ३ ते ६ पट. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होईल. टाकी वीज असताना भरून ठेवा, पंप बॅकअपवर घेऊच नका.

फेजन्यूट्रल:
बहुतेक घोटाळे वायरिंगमध्ये होतात. बॅकअपच्या सर्किटांचा फेज वेगळा काढतात आणि न्यूट्रल सामाईक ठेवतात; मग आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो आणि दोष बॅटरीला. न्यूट्रलही वेगळा काढा. बॅटरीच्या धन टोकाजवळच डीसी फ्यूज लावा. एसीचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच) तिथे चालत नाही, कारण डीसीचा प्रवाह एसीसारखा सतत शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी आपोआप विझत नाही.

आणि लिथियम जोडल्यावर इन्व्हर्टरच्या सेटिंगमधलं इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) बंद करा. ते चालू राहिलं तर व्होल्टेज चढून बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) बॅटरी तोडतो. १६ सेलच्या बॅटरीला चार्जिंग ५६ व्होल्टच्या आसपास आणि ५० अँपिअरपर्यंत ठेवा, पण उत्पादकाने दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच.