एकांत हवासा वाटतो, पण आठवणी पाठ सोडत नाहीत

प्रश्न:
दोन वर्षांपूर्वी एक जवळचे नाते तुटले आणि तेव्हापासून मला एकटे राहणेच बरे वाटते. मात्र रात्री दिवा मालवला की शेवटच्या भांडणातले शब्द जसेच्या तसे कानांत घुमू लागतात. विसरू म्हटले की ते अधिकच ठळक होतात. काय करावे?

प्रतिसाद १:
विसरण्याचा अट्टाहास आधी सोडावा, असे मी मनापासून सुचवेन. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ मधील प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळण्यास सांगितले होते, तरीही तो त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येतच राहिला. मी जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाची लेखनाची पद्धत वापरली: सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटे, शुद्धलेखनाची पर्वा न करता मनातले सारे लिहून काढायचे. तिसऱ्या दिवशी पेन इतके दाबून लिहिले गेले की अक्षरे मागच्या दोन पानांवर उमटली. लिहिल्यावर काही वेळ मन जड होते, त्याने घाबरू नये. आठवण आजही येते, पण ती येऊन निघून जाते.

प्रतिसाद २:
आपण निवडलेला एकांत आणि दुखावल्यामुळे पत्करलेला एकटेपणा यांत मोठे अंतर आहे. झोप अनेक आठवडे उडालेली असेल, तर कृपया समुपदेशकांना भेटा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वही उशाशी ठेवली आहे. आज रात्री शब्द घुमू लागले, तर दिवा पुन्हा लावीन.