मदत हवी आहे: लंडन-टोकियो 9,600 किमी, मग 14 तास कसे?

मंडळी, विमानप्रवासातल्या जाणकारांनी जरा मदत करा.

हिवाळ्यात आईला घेऊन लंडनहून टोकियोला जायचंय, थेट विमानाने. तिच्या गोळ्या दर आठ तासांनी असतात, म्हणून प्रवासाला खरे किती तास लागतील ते आधीच मांडून ठेवायचंय. हीथ्रो ते हानेदा अंतर 9,600 किमीच्या आसपास दाखवतात. ताशी 900 धरले तर पावणेअकरा तास. तिकिटावर मात्र सकाळी 11 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 10 ला पोहोचणार असं आहे. हे झाले 23 तास. टोकियो 9 तास पुढे, ते वजा केले तरी 14 उरतात! परतताना सकाळी साडेनऊला निघून त्याच दिवशी दुपारी तीनला लंडन, म्हणजे साडेचौदा. वरचे तीन-साडेतीन तास जातात कुठे? आणि येताना अर्धा तास जास्त का? ओळखीतले एक जण 2019 मध्ये याच मार्गाने बारा तासांच्या आत पोहोचले होते.

प्रतिसाद

वजाबाकी बरोबर आहे, घोळ अंतरात आहे. 9,600 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर. तो दोरा नॉर्वे आणि सायबेरियावरून जातो. (सपाट नकाशावर ही रेघ कमानीसारखी वर गेलेली दिसते आणि उगाच लांबची वाटते.) फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने ब्रिटिश विमानांना आपलं आकाश बंद केलं, जपानी कंपन्याही तो रस्ता टाळतात. आता एक तर दक्षिणेकडून कॅस्पियन, कझाकस्तान, चीन असा वळसा, नाहीतर थेट अलास्का-ग्रीनलंडकडून. तुमचे ओळखीचे गेले तेव्हा सायबेरिया मोकळा होता.

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. आणि 900 चा वेग काही पहिल्या मिनिटापासून मिळत नाही.

प्रतिसाद

परतताना दक्षिणेकडच्या वाटेनेच आलात, तर अर्ध्या तासाचं कारण वारा. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात ताशी 200 किमीच्याही वर. पूर्वेला जाताना तो ढकलतो, येताना छातीवर घ्यावा लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान याच वाऱ्यावर पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. म्हणून अंतर भागिले वेग हा हिशेब सोडा. तुमच्या विमानाचा क्रमांक फ्लाइट ट्रॅकरवर टाका आणि मागच्या आठवड्यात ते रोज किती वेळात पोहोचलं ते बघा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. पण गोळ्यांना वेळ कुठली धरू, लंडनची की टोकियोची?

प्रतिसाद

उतरेपर्यंत लंडनचीच, आईचं घड्याळ बदलूच नका. समजा गोळ्या सकाळी 8, दुपारी 4 आणि रात्री 12 ला आहेत. हानेदाला चाकं टेकतील तेव्हा त्या घड्याळात रात्रीचा एक वाजत आलेला असेल. म्हणजे दोन गोळ्या विमानातच, दुसरी उतरायच्या तासभर आधी. त्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. टोकियोच्या वेळेवर कसं यायचं ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, निघायच्या आधी.