महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला नगरसेवकांना ऑनलाइन बसू द्यावं का?

नगरवाचक:
कोविडमध्ये, जुलै २०२० ला, राज्याच्या नगरविकास विभागाने महापालिका आणि नगरपालिकांच्या सभा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला सांगितल्या होत्या. ती तात्पुरती सोय होती. ती कायद्यात कायमची यावी असं माझं स्पष्ट मत आहे, मात्र मिश्र पद्धतीने. महापौर, आयुक्त, नगरसचिव सभागृहात. आजारी, बाळंतीण किंवा बाहेरगावी असलेल्या सदस्याला लिंक.

नियम शून्यातून लिहायला नकोत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ मध्ये संचालकांना ही मुभा आहेच. सभा सुरू होताना प्रत्येकाने नाव सांगायचं, कुठून बोलतोय ते सांगायचं, कागदपत्रं मिळाल्याचं आणि खोलीत दुसरं कोणी नसल्याचं सांगायचं. बोलणं तुटलं तर अध्यक्षांनी ते पुन्हा सांगायला लावायचं. इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत सर्वांकडे जायला हवा. एवढ्या मोठ्या कंपन्या यावर चालतात, मग महापालिकेलाच काय अडचण आहे?

गॅलरीतला:
अडचण अशी की संचालक मंडळ दहा-बारा जणांचं असतं आणि दार बंद करून बसतं. महापालिकेची सभा कायद्यानेच लोकांना खुली असते. तुलना इथेच संपते.

मतदानाचं बघा. सभेत बहुतेक विषय आवाजी मतदानाने किंवा हात वर करून मंजूर होतात आणि पीठासीन अधिकाऱ्याने ‘मंजूर’ म्हटलं की विषय संपला. किमान चार सदस्यांनी पोल मागितला तरच मतं मोजली जातात. आता १२० सदस्यांचं सभागृह झूमवर आणा. एका पानावर फार तर ४९ चौकटी दिसतात, म्हणजे तीन पानं. महापौर पहिल्या पानावर असताना तिसऱ्या पानावरच्या चौघांनी पोल मागितला, तर तो त्यांना कधी दिसणार? तोवर पुढचा विषय पुकारलेला असतो.

नगरवाचक:
सगळे १२० ऑनलाइन असावेत असं मी म्हणतच नाहीये. पाच-सात जण बाहेर असतील तर त्यांच्यासाठी वेगळा पडदा लावा आणि प्रत्येक विषयाला त्यांची नावं पुकारून मत घ्या. एका नावाला दहा सेकंद धरले तरी विषयामागे मिनिटभर जाईल.

गॅलरीतला:
कायद्यात ‘पाच-सात’ लिहाल का? आकडा घातला नाहीत तर अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्धा पक्ष लिंकवर दिसेल. सगळ्यांची नावं पुकारायची वेळ आली तर १२० गुणिले दहा सेकंद, म्हणजे एका विषयाला २० मिनिटं. कार्यपत्रिकेवर ६० विषय असतील तर हिशेब तुम्हीच करा.

शिवाय म्यूटचं बटण कोणाच्या हातात? सभागृहात माइक बंद केला तरी सदस्य उभा राहतो, हौद्यात, म्हणजे महापौरांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतो, मोठ्याने बोलतो. पत्रकारांना दिसतं, इतिवृत्तात गोंधळाची नोंद होते. पडद्यावर म्यूट केलेल्या सदस्याचा विरोध उरतच नाही. २०२० च्या ऑनलाइन सभांत विरोधी नगरसेवकांची ‘आम्हाला बोलूच दिलं नाही’ ही तक्रार उगाच नव्हती.

सुषमा_स:
दोघांनीही एक बाजू सोडली. २०११ पासून आपल्याकडे महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. तान्हं मूल असलेल्या नगरसेविकेला लिंकचा आधार खरा आहे, ते मी नाकारत नाही. पण सभागृहाच्या दारापाशी नवऱ्याला थांबावं लागतं, ही फार मोठी गोष्ट आहे. आत ती एकटी असते. विषय स्वतः वाचते, चुकत-माकत का होईना स्वतः बोलते. घरच्या पडद्यावर नवरा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून उत्तरं सांगेल आणि ‘खोलीत कोणी नाही’ हे तिलाच म्हणायला लावेल. नगरवाचक, तुमचा तो कंपनीचा नियम इथे कागदावरच राहील. त्यापेक्षा महापालिका भवनात पाळणाघर काढा, त्याचा खर्च लिंकपेक्षा जास्त झाला तरी चालेल.

सॅनहोजेकर:
कॅलिफोर्नियातली पद्धत सांगतो. इथे स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवणारा ब्राउन कायदा आहे. नेहमीच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. कोविडनंतर २०२२ मध्ये केलेल्या सुधारणेत सदस्याला ठरावीक कारणांसाठीच ऑनलाइन बसता येत होतं, आणि गणपूर्तीइतके, म्हणजे सभा चालवायला लागतात तेवढे किमान सदस्य एकाच जागी, हद्दीच्या आत, प्रत्यक्ष हजर लागत. लोकांसाठीचं प्रक्षेपण तुटलं तर ते परत सुरू होईपर्यंत ठराव घ्यायचा नाही. तुमच्या वादात ही शेवटची अट मला फार कामाची वाटते.

नगरवाचक:
हे आपल्याकडे जसंच्या तसं घेता येईल. आपली गणपूर्ती एक तृतीयांश सदस्यांची, ते सभागृहातलेच मोजायचे, लिंकवरचे नाहीत. १२० पैकी ४० आत बसल्याशिवाय सभा सुरूच नाही. गॅलरीतला यांची ‘अर्धा पक्ष लिंकवर’ ही भीती पूर्ण जात नाही, पण रिकाम्या सभागृहात ठराव होणार नाहीत. गणपूर्तीत लिंकवरची डोकी धरली तर कोणीही ती अधांतरी ठरवून महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करायला शासनाकडे जाईल. आतलेच मोजले की ते दारही बंद होतं.

गॅलरीतला:
गणपूर्तीची अट चांगली आहे, मान्य. पण ऐनवेळच्या विषयांचं काय? सभा चालू असताना टेबलावर कागद येतात, गोषवारा वाचायलाही वेळ नसतो. आत बसलेला निदान शेजाऱ्याचा कागद ओढून बघतो. लिंकवरच्याला काहीच मिळत नाही आणि त्याचं मत मात्र ‘बाजूने’ मोजलं जातं. एकही सदस्य ऑनलाइन असेल तर ऐनवेळचा विषय घेता येणार नाही, एवढं नियमात लिहा. मग प्रश्नोत्तरं आणि चर्चेपुरती लिंक द्यायला माझी हरकत नाही. भूखंडाचे विषय, निविदा आणि अर्थसंकल्प यांवर मत द्यायचं असेल तर सभागृहात येऊनच.

सुषमा_स:
चर्चा लिंकवरून आणि मत आत येऊन, हे चालेल. पाळणाघराची मागणी मात्र मी सोडत नाही.